नव्वद सेंटिमीटरवरचा हरभरा

हरभऱ्याच्या एका नव्या वाणाच्या प्लॉटमध्ये ७५ ते ९० सेंटिमीटरच्या थरात मुळांची घनता वरच्या थरापेक्षाही जास्त निघाली. स्क्रीनवर आकडा आला तसे प्रकल्पप्रमुख सर खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसले. लागूनच्या प्लॉटांमधल्या ‘विजय’ आणि ‘दिग्विजय’ या हरभऱ्याच्या जुन्या वाणांमध्ये असलं काही नव्हतं.

सरांच्या उत्साहाला कारण होतं. कोरडवाहू रब्बीत हरभरा काळ्या रानातल्या साठलेल्या ओलीवर येतो, आणि घाटे भरायच्या वेळेला ओल खाली गेलेली असते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संग्रहातल्या आयसीसी ४९५८ या दणकट मुळांच्या वाणातला गुणसूत्राचा तुकडा पुसा ३७२ या वाणात आणून २०१९ साली पुसा १०२१६ हे वाण प्रसारित झालं. तेव्हापासून प्रत्येक प्रकल्पप्रमुखाला आपल्याही शेतात असं काहीतरी सापडेल असं वाटतं.

आमची पद्धत साधी आहे. आतून ५ सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी जमिनीत ठोकायची, बाहेर काढायची, मातीचे १५-१५ सेंटिमीटरचे तुकडे पाडायचे. एक तुकडा म्हणजे सुमारे २९४ घन सेंटिमीटर माती. त्यातल्या मुळांची एकूण लांबी भागिले हे घनफळ, झाली घनता. एक नमुना ओळीवर, एक दोन ओळींच्या मधोमध. काळी माती फार ओली असली तर नळीत दबते आणि खोलीचा हिशेब चुकतो. म्हणून भोकाची खोली आणि आतल्या मातीची लांबी दोन्ही मोजायची, आणि मेळ बसला नाही तर नमुना फेकून शेजारी दुसरा घ्यायचा. माती फार सुकली असली तर ती नळीतून ढेकळं होऊन पडते. मुठीत दाबून गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, ही वेळ नमुन्याची.

खरं काम त्यानंतर. सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय ही चिकणमाती मूळ सोडत नाही. मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या फवाऱ्याने धुवायचं. नळाची धार जोरात सोडली की बारीक मुळं तुटून चाळणीतून पार होतात, आणि आकड्यात नेमकी तीच महत्त्वाची. उरलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यावर सोडून चिमट्याने वेचायचं. जिवंत मूळ फिकट आणि लवचिक असतं. मेलेलं काळपट, वाकवलं की तुटतं, साल सुटून येते. एका नमुन्याला तास सहज जातो. मग स्कॅनर चित्र घेतो, सॉफ्टवेअर लांबी मोजतं. त्याला दोन मिनिटं लागतात, आणि प्रबंधात मात्र स्कॅनरच्या मॉडेलसकट अख्खा परिच्छेद असतो.

ट्रेवर बसणाऱ्या मावशी रोजंदारीवर आहेत. त्या आकडा बघायला आल्या नव्हत्या, चहाचे कप न्यायला आल्या होत्या. स्क्रीनवरचं चित्र बघून म्हणाल्या, “ही हरळी हाय की, मॅडम. हरभऱ्याला असली कांडी असती व्हय?” हा ट्रे त्यांच्या हातचा नव्हता. त्या रजेवर असताना नव्या पोरांनी वेचला होता.

सर हसले. पण अल्कोहोलमध्ये जपून ठेवलेला तोच नमुना काढला, तर एका तुकड्यावर खरंच पेर होतं, पेरावर खवल्यासारखी पानं. म्हणजे ते मूळ नव्हतंच, जमिनीखालचं खोड होतं. जाडसर मुळं गाजराच्या फोडीत धरून ब्लेडने पातळ काप घेतले, टोल्युडीन ब्लू हा रंग लावला. हरभऱ्याच्या मुळात काष्ठाचे, म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांचे, साधारण चार पुंजके दिसतात आणि मध्ये भेंड (मऊ गाभा) जवळपास नसतंच. अकरावीच्या प्रॅक्टिकलची स्लाइड. इथे कितीतरी पुंजके गोलाकार आणि मध्ये भेंड. एकदल. हरळीचं गवत असेल, नाहीतर खरिपातल्या ज्वारीची राहिलेली मुळं. काळ्या रानाला भेगा पडतात, त्यातून वरचं खाली जातं.

सॉफ्टवेअरचा दोष नाही. उजळ पार्श्वभूमीवर गडद रेघ दिसली की ते मोजतं, गवताची काडी असली तरी. दोष शेवटच्या टोकाला सगळ्यात कमी पगाराचा माणूस बसवून सगळ्यात वरच्या टोकाला त्यावर निष्कर्ष काढण्याचा.

जाड मुळं वेगळी झाली, पण बारीक मुळांचा काप घेता येत नाही, आणि लांबी बहुतांश तिथेच असते. इथे आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी कामाचं बोलली: हरळी आणि ज्वारी सी-४, हरभरा सी-३ (हवेतला कार्बन घेण्याच्या दोन वेगळ्या पद्धती), मग कार्बनचे समस्थानिक, म्हणजे हलका आणि जड कार्बन, बघू या. जड कार्बनचं प्रमाण सांगणारा आकडा म्हणजे डेल्टा-१३-सी. सी-३ वनस्पतींचं ते दर हजारी उणे २७ च्या आसपास, सी-४ चं उणे १३ च्या. मिश्रण उणे २० आलं तर निम्मं-निम्मं. मुळं वाळवून, दळून काही मिलिग्रॅम पुरतात. अट एकच, नमुना स्कॅनसाठी रंगवलेला नको, कारण रंगातही कार्बन असतो. न रंगवलेला अर्धा भाग ठेवायची सवय म्हणून कामी येते.

“मुळांच्या संशोधनात स्कोप आहे का?” असं विचारणारी मुलं दर उन्हाळ्यात येतात. आहे. पुण्याजवळ मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. डॉगरिजसारख्या कलमाच्या खुंटावर इथली द्राक्षशेती उभी आहे, म्हणजे प्रश्न मुळाचाच. तिथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. आघारकर संस्थेत गहू-सोयाबीन, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावरची (दुष्काळ, उष्णता वगैरे) राष्ट्रीय संस्था, आणि रेण्वीय पातळीवर काम करायचं तर आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पण अगरच्या जेलीच्या पेटीत उभी वाढवलेली, ढेकूळ न पाहिलेली मुळं बघूनच पीएच.डी. करणारेही पुष्कळ आहेत. एक हंगाम तरी चाळणीवर काढा, मग जनुकांकडे जा. उमेदवार निवडताना मी ट्रे पुढे ठेवते आणि मेलेली मुळं वेगळी करायला सांगते. काहींना तो अपमान वाटतो.

सरांचं म्हणणं, प्लॉट वगळून टाकू. विद्यार्थिनीचं म्हणणं, दुरुस्त करून ठेवू, कारण सी-४ चा वाटा वजा केल्यावरही त्या थरात हरभऱ्याची मुळं ‘विजय’पेक्षा जास्तच राहण्याची शक्यता आहे. मी तिच्या बाजूची आहे, पण एक अडचण सुटत नाही. त्या रानात हरणखुरी हे वेलीसारखं तणही आहे. ती सी-३, शिवाय द्विदल आणि खोल मुळांची. समस्थानिकांत ती हरभऱ्याच्याच खात्यात जाते. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, ट्रेमध्ये ओली असताना दाखवा, वाळल्यावर मला बी कळायचं नाही.