तुम्ही विचारलंत म्हणून: दोन स्कोअर गुणायला चार वर्षं?

चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली) बसून काका विचारतात, डिपार्टमेंटमधली पोरं विचारतात, परवा बँकेतल्या बाईनेही विचारलं. "दोन स्कोअर घ्यायचे, गुणायचे, रिग्रेशनमध्ये टाकायचे, त्याला चार वर्षं कसली गं?" माझ्या पीएचडीबद्दल बोलतात. आता एकदाच लिहून टाकते.

माझा विषय गोव्यातल्या खाणी बंद झाल्यावरची, खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांची घरं. २०१२ ला खाणी बंद पडल्यावर आणि २०१८ ला खाणींची ८८ लीज रद्द झाल्यावर काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. मला बघायचं होतं की उत्पन्नाची धास्ती जिथे जास्त, तिथे माणसांचा आधार ताण हलका करतो का. असा एकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणं म्हणजे इंटरॅक्शन, आणि ते पकडायला धास्ती आणि आधाराचे स्कोअर गुणून रिग्रेशनमध्ये, म्हणजे ताणाचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात टाकतात. आता धास्ती काय नि आधार काय, काट्यावर ठेवून वजन होत नाही, चार-चार प्रश्न विचारून अंदाज बांधायचा, आणि प्रत्येक उत्तरात थोडी चूक असतेच. गुणलं की तीही गुणली जाते. दोन्ही स्केलची विश्वासार्हता (स्कोअरमधला चूक नसलेला वाटा) ०.७ धरा, एरवी चालून जाते, पण त्यांचा आपसात संबंध नसेल तर गुणाकाराची उरते ०.४९. अर्ध्याहून जास्त कचरा! मग परिणाम असूनही हाती लागत नाही आणि आपण खुशाल लिहितो, इंटरॅक्शन नाही.

म्हणून लेटंट, म्हणजे उत्तरांमागची, चूक वगळलेली खरी धास्ती नि खरा आधार मॉडेलमध्ये घ्यायचा. केनी आणि जड यांनी १९८४ मध्ये वाट दाखवली, प्रश्नांच्या जोड्या गुणायच्या, चार गुणिले चार म्हणजे १६ जोड्या आणि वर अटींचं रान. २००० मध्ये क्लाइन आणि मोसब्रुगर यांची एलएमएस ही पद्धत आली, तिला जोड्या लागत नाहीत, पण माझा लॅपटॉप रात्रभर घरघरायचा आणि सकाळी मॉडेल डेटाला किती बसतं, म्हणजे फिट, सांगणारे नेहमीचे आकडे सीएफआय, आरएमएसईए द्यायचाच नाही. सेमिनारला मला एवढंच विचारलं, "फिट कुठाय?"

पण चार वर्षं त्याने गेली नाहीत. खरं सांगते.

खाणपट्ट्यातल्या डिचोलीजवळचं एक घर. मे महिना, अंगणात सोलां (आमसुलं) वाळत घातलेली, बाजूला ताडपत्रीखाली टिप्पर, टायर मातीत बसलेले, आरशावर वेल चढलेली. बाई उत्तरं देत होती. अडचणीला पैसे देईल असं जवळचं कोणी आहे? पूर्ण सहमत, पाच. मी पाचाला गोल केला आणि पुढचा प्रश्न वाचणार, तर ती म्हणाली, "आदार आसा म्हणूनच न्हीद पडना, बाय." आधार आहे म्हणूनच झोप लागत नाही. ट्रकचे हप्ते भावाने भरले होते. आता माहेरी गेलं की वहिनी नवी साडी का नेसली नाही याचाही हिशोब हिच्या डोक्यात. मी मान हलवली, समासात "पहा" लिहिलं आणि उरलेले वीस प्रश्न भराभर उरकले, कारण ऊन चढत होतं आणि अजून तीन घरं बाकी होती.

तिच्या फॉर्मवर धास्ती, आधार, ताण, सगळीकडे पाच. माझ्या मॉडेलमध्ये आधाराने ताण हलका व्हायला हवा. सरासऱ्या गुणून केलं तेव्हा काहीच दिसत नव्हतं, लेटंट केल्यावर आकडा मोठा झाला, मला हव्या त्याच दिशेला, पण अंदाजाचा पट्टाही रुंद झाला आणि शून्य त्यात कसंबसं आत राहिलं, म्हणजे परिणाम नसण्याची शक्यता उरलीच. मला आनंद झाला होता हो! तेव्हाची मी ठासून सांगायची की मोजण्यातली चूक काढली की सत्य वर येतं. अगं, पण तिने चूक उत्तर दिलंच कुठे होतं? पाच बरोबरच होते. आधार म्हणजे काय हे मीच ठरवून गेले होते, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

आणि हो, एका बाईच्या एका वाक्याने चिन्ह फिरत नाही, तेवढं मलाही कळतं. बाकीच्या घरांत कदाचित आधार आधारच असेल. थिसिसमध्ये ते वाक्य मी घातलं नाही. त्याला कॉलम नव्हता.

त्यानंतर प्रश्नावलीत एक ओळ वाढवली: ज्यांनी मदत केली त्यांचं देणं अजून बाकी आहे का? पण ते घातलं की गुणाकार तिघांचा होतो, आणि मला पुन्हा तीच घरं फिरायला हवीत. तिच्याकडे मी अजून गेलेले नाही.