लागोसचा लाकडी डबा आणि आमची भिशी

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर गेली तीन वर्षे युगांडाचा एक विद्यार्थी भाड्याने राहत आहे. संगणकशास्त्र शिकण्यासाठी तो कंपालाहून बडोद्यात आला. पहिल्याच वर्षी त्याच्या फीचे पैसे घरून निघाले आणि इथल्या एका बँकेत अठरा दिवस अडकून पडले, कारण पाठवणाऱ्याच्या अर्जात त्याच्या आडनावातले एक अक्षर पासपोर्टवरच्या नावापेक्षा वेगळे लिहिले गेले होते. मी स्वतः बत्तीस वर्षे बँकेत नोकरी केलेली असल्यामुळे त्याच्याबरोबर तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेहून परतताना सूरसागर तलावाच्या कठड्यापाशी तो थांबला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "अंकल, माझी आई बाजारात केळी विकते. धाकट्या भावाच्या शाळेची फी ती दुकानात बसल्या बसल्या या फोनवरून भरते. तिला बँक कुठे आहे हेसुद्धा माहीत नाही." तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. तेव्हापासून आफ्रिकेतल्या तरुण उद्योजकांविषयी जे मिळेल ते मी वाचत आलो आहे, आणि जे समजले ते आज इथे मांडत आहे.

बडोद्याच्या माणसाला आफ्रिका तशी परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदाने १९५३ साली मोंबासा आणि कंपाला येथे शाखा उघडल्या. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेली कुटुंबे गुजरातेत गावोगावी होती. मात्र या साऱ्या आठवणींमध्ये देणारे, नेणारे आणि व्यवहार शिकवणारे आपण असतो आणि तिकडचा माणूस गिऱ्हाईक किंवा नोकर असतो. ही समजूत मोबाइलवरच्या पैशांच्या बाबतीत तर साफ चुकीची आहे. केनियात एम-पेसा ही सेवा मार्च २००७ मध्ये सुरू झाली आणि आपले यूपीआय २०१६ साली आले. छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून फेडता यावेत एवढाच एम-पेसाच्या मूळ प्रयोगाचा हेतू होता. लोकांनी मात्र ती सोय एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी वापरायला घेतली, आणि चालवणाऱ्यांनीही शहाणपणाने तोच धागा पकडला. शहरात मजुरी करणारा माणूस कोपऱ्यावरच्या टपरीत रोख रक्कम भरतो, साध्या बटणांच्या फोनवरून संदेश जातो आणि गावातल्या टपरीतून त्याची आई ती रक्कम उचलते. त्या नावातला 'पेसा' हा स्वाहिली शब्द आपल्या 'पैसा'शी नाते सांगतो, कारण पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपयाच चालत होता.

एम-पेसा ही मोठ्या दूरसंचार कंपनीची निर्मिती होती. माझे लक्ष खरे वेधून घेतले ते त्यानंतर आलेल्या पंचविशी-तिशीतल्या मुलांनी, आणि त्यांतही नायजेरियाच्या. मनातली एक अढी इथे सांगितलीच पाहिजे. आमच्या नोकरीच्या काळात नायजेरिया हा शब्द आम्ही बहुतेक वेळा फसवणुकीच्या पत्रांविषयीच्या सूचनापत्रकांतच वाचत असू. कुणा राजपुत्राची अडकलेली संपत्ती, तिच्यातला वाटा आणि त्यासाठी आधी पाठवायची रक्कम असा त्या पत्रांचा साचा होता. हे कलंकित नाव त्या देशातल्या प्रामाणिक माणसाला किती महाग पडत असेल, याचा विचार मी कधीच केला नव्हता. लागोसमधल्या दुकानदाराने परदेशी संकेतस्थळावर आपले कार्ड वापरले की ते नाकारले जाई, आणि त्याला स्वतःच्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे घ्यायचे असतील तर कागदपत्रे आणि मंजुऱ्यांमध्ये आठवडेच्या आठवडे जात. शोला अकिनलादे आणि एझ्रा ओलुबी या दोन मित्रांनी २०१५ साली पेस्टॅक सुरू केली, ती हीच अडचण दूर करण्यासाठी. नव्या कंपन्यांना घडवणाऱ्या अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेत प्रवेश मिळालेली ती पहिली नायजेरियन कंपनी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये स्ट्राइप या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली आणि वीस कोटी डॉलरहून अधिक किमतीचा तो व्यवहार झाल्याच्या बातम्या आल्या. तोवर सुमारे ६०,००० व्यावसायिक तिच्यामार्फत पैसे घेत होते. इयिनोलुवा अबोयेजी हा १९९१ साली जन्मलेला तरुण २०१४ साली अँडेलाच्या आणि २०१६ साली फ्लटरवेव्हच्या संस्थापकांमध्ये होता. अँडेला आफ्रिकन तरुणांना प्रोग्रॅमिंगमध्ये तयार करून जगभरच्या कंपन्यांना जोडून देई, आणि फ्लटरवेव्ह ही पेस्टॅकप्रमाणेच पैसे देण्याघेण्याची वाट बांधणारी कंपनी.

तरीही मला सर्वांत जवळची वाटते ती पिगीव्हेस्टची गोष्ट. २०१५ च्या अखेरीस नायजेरियातल्या एका स्त्रीने ट्विटरवर एका लाकडी डब्याचे छायाचित्र टाकले. त्या डब्यात तिने वर्षभर रोज १,००० नायरा टाकले होते आणि वर्ष संपल्यावर तो फोडला होता. ओडुनायो एवेनियी, सोम्तो इफेझुए आणि जोशुआ चिबुएझे हे विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले मित्र तेव्हा दुसऱ्याच एका कामात होते. ते छायाचित्र पाहून त्यांना प्रश्न पडला, की हा डबा फोनमध्ये का असू नये? २०१६ च्या जानेवारीत त्यांनी पिगीबँक या नावाने सेवा सुरू केली आणि पुढे तिचे नाव पिगीव्हेस्ट झाले. ग्राहक ठरवील ती रक्कम रोज, आठवड्याला किंवा महिन्याला त्याच्या खात्यातून आपोआप बाजूला पडते. ठरलेल्या तारखांना पैसे काढता येतात, आणि मध्येच काढायचे झाले तर दंड बसतो. हे वाचले तेव्हा मी जागेवरून उठून पत्नीला हाक मारली, कारण ही आपली पिग्मी आहे! सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ती योजना आपल्या पतसंस्थांनी घराघरांत पोहोचवली, आणि भाजीवाल्याकडून रोज दहा रुपये घेऊन छोट्या वहीत सही करणारा पिग्मी एजंट कोणत्या मराठी माणसाने पाहिलेला नाही? नायजेरियाच्या योरुबा समाजात पिढ्यान्‌पिढ्या असे रोजचे पैसे गोळा करणारी माणसे आहेत, आणि 'एसुसू' नावाची जी पद्धत आहे ती म्हणजे तर आपली भिशीच. एवेनियी आणि तिच्या मित्रांनी कॅलिफोर्नियातली कल्पना उचलून आणली नाही. आपल्या आजीचा व्यवहार त्यांनी नीट पाहिला. त्यात एजंट पैसे घेऊन पळून जाण्याचा जो धोका होता तो कमी केला, आणि दंडाच्या नियमातून डब्याला कुलूप घातले.

बँकेत इतकी वर्षे काढल्यावर माझे असे मत झाले आहे, की हे तरुण विकतात ती वस्तू म्हणजे विश्वास आहे. जिथे न्यायालय लांब, सरकारी शिक्का बेभरवशाचा आणि अनोळखी माणसाची पारख करण्याची सोय नाही, तिथे दोन अपरिचितांमध्ये व्यवहार घडवून आणणे हेच मुख्य काम होऊन बसते. घानाच्या ब्राइट सिमन्स यांची एम-पेडिग्री ही कंपनी पाहा. बनावट औषधांनी तिथे लोकांचे जीव जात होते. तिने औषधाच्या वेष्टनावर खरवडून काढायची पट्टी लावली आणि तिच्याखाली अंक छापले. ते अंक एसएमएसने पाठवले की औषध अस्सल आहे की नाही, हे काही क्षणांत गिऱ्हाइकाला विनामूल्य कळते. महागडा फोन नको आणि इंटरनेटही नको, म्हणून ते चालले.

लागोसच्या टेमी गीवा-टुबोसुन यांच्या लाइफबँकेविषयी मात्र मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तिथे माझी स्वतःची एक रात्र जोडलेली आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिच्या गटाचे रक्त शोधत मी आणि माझे मेहुणे पावसात स्कूटरवरून शहरभर फिरलो. पहाटे एका ठिकाणी एक बाटली मिळाली. आईने दिलेल्या चहाच्या थर्मासात बर्फ घालून ती आम्ही आणली आणि सबंध वाट मी थर्मास छातीशी धरून मागे बसलो होतो. बहीण वाचली. गीवा-टुबोसुन यांनी तरुणपणी उत्तर नायजेरियात अडलेल्या बाळंतिणीचे हाल पाहिले होते आणि २०१४ साली स्वतःच्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या स्वतःही संकटातून गेल्या. २०१६ साली त्यांनी लाइफबँक सुरू केली. त्यांच्या लक्षात असे आले, की एका रक्तपेढीत रक्त मुदत संपून फेकले जाते आणि त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात रक्तावाचून माणूस मरतो. म्हणजे तुटवड्याइतकाच माहितीचाही प्रश्न आहे. म्हणून कोणत्या पेढीत कोणत्या गटाचे किती रक्त आहे याची नोंद एका जागी आणली गेली, आणि मोटारसायकलस्वार ते थंड पेटीतून लागोसच्या वाहतुकीतून वेळेत पोहोचवू लागले. आमचा थर्मासच तो, फक्त त्याच्यामागे व्यवस्था उभी आहे. २०१९ साली चिनी उद्योगपती जॅक मा यांच्या संस्थेचा आफ्रिकन उद्योजकांसाठीचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला.

कॅमेरूनचा आर्थर झांग हा संगणकाचा अभियंता. ग्रामीण रुग्णाचा ईसीजी टॅब्लेटवर काढून शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवणारा कार्डिओपॅड त्याने घडवला आणि २०१६ साली ब्रिटनच्या रॉयल अकादमी ऑफ इंजिनिअरिंगचे आफ्रिका पारितोषिक मिळवले. कंपालाच्या सेफबोडा या मोटारसायकल-टॅक्सी सेवेच्या संस्थापकांपैकी रिकी रापा थॉमसन हे स्वतः मोटारसायकल-टॅक्सी चालवत होते. नारिंगी हेल्मेट, प्रवाशासाठी दुसरे हेल्मेट आणि ओळख पटलेला चालक, एवढ्यावर त्यांनी लोकांचा भरवसा मिळवला. त्या चालकांपैकी कित्येकांच्या हाती बजाज बॉक्सर असते, ही गोष्ट आमच्या भाडेकरूने मोठ्या अभिमानाने मला सांगितली, जणू ती त्याच्या आणि माझ्या गावातली सोयरीक होती.

ही सगळी चित्रे उजळ असली तरी बँकेच्या माणसाला ताळेबंदाची दुसरी बाजू झाकता येत नाही. या कंपन्यांचे भांडवल बहुतांशी परदेशातून, डॉलरमध्ये येते, आणि कमाई नायरा किंवा घानाचा सेडी अशा चलनांत होते. २०२३ च्या जूनमध्ये नायजेरियाने चलनाचा दर मोकळा सोडल्यावर नायरा कोसळला आणि डॉलरमध्ये मोजलेले उत्पन्न हां हां म्हणता आटले. आफ्रिकन जनुकांच्या अभ्यासासाठी निघालेली ५४जीन ही गाजलेली कंपनी त्याच वर्षी बंद पडली. ऑनलाइन खरेदीची जुमिया ही कंपनी २०१९ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली तेव्हा ती आफ्रिकन म्हणावी का, यावरून मोठा वाद झाला. बाजारपेठ आफ्रिकेची होती, पण नोंदणी जर्मनीत, मुख्यालय दुबईत आणि तंत्रज्ञांचा चमू पोर्तुगालमध्ये होता. मला हा वाद क्षुल्लक वाटत नाही. लाभांश कोणत्या गावी जातो आणि मोठा निर्णय कोणत्या टेबलावर होतो, यावरूनच कंपनी कुणाची ते ठरते. म्हणूनच ट्युनिसमध्ये दोन लॅपटॉप आणि २,००० डॉलर यांवर २०१४ साली करीम बेगिर आणि झोहरा स्लिम यांनी उभी केलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी इन्स्टाडीप जर्मनीच्या बायोएनटेक या औषधकंपनीने २०२३ साली विकत घेतली, तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी हळहळही वाटली.

सरकारचा धाक हा आणखी वेगळा. कॅमेरून पर्वताच्या पायथ्याशी बुएआ नावाचे शहर आहे. तिथल्या तरुणांनी इतक्या नव्या कंपन्या काढल्या, की लोक त्याला सिलिकॉन माउंटन म्हणू लागले. २०१७ च्या जानेवारीत सरकारने देशाच्या इंग्रजी भाषक प्रदेशांतले इंटरनेट तोडले आणि ते ९३ दिवस बंद राहिले. ज्यांचा धंदाच इंटरनेटवर, त्यांनी काय करावे? बुएआच्या मुलांनी लॅपटॉप पाठीला लावून फ्रेंच भाषक प्रदेशाच्या हद्दीजवळचे बोनाको हे खेडे गाठले, तिथे एक खोली घेतली, मोबाइलची तिकडची लहर पकडणारी छोटी यंत्रे आणली आणि दाटीवाटीने बसून कामे पूर्ण केली. त्या खोलीला ते इंटरनेट निर्वासितांची छावणी म्हणत. ग्राहकाला दिलेली तारीख पाळण्यासाठी केलेला तो प्रवास वाचून माझे डोळे भरून आले.

आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा आता शेवटच्या सत्रात आहे. मला 'काका' म्हणायला तो केव्हा शिकला, ते आठवत नाही. गेल्या दिवाळीनंतर त्याने पत्नीची भिशीची वही मागून घेतली. सोळा बायका, महिन्याला दोन हजार, चिठ्ठी काढून पाळी. सगळे समजून घेतल्यावर त्याने विचारले, "काकू, पाळी घेतल्यावर एखादीने पुढचे पैसे भरले नाहीत तर?" ती म्हणाली, "तिला कुणी आणलंय ते वहीत लिहिलेलं असतं. जिनं आणलं तिनं भरायचं. म्हणून आम्ही कुणालाही आणत नाही." त्याने ते शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आणि त्यावरून आपण लिहीत असलेल्या भिशीच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासदापुढे तिला आणणारीच्या नावाचा रकाना घातला. त्याच्या आईच्या बाजारात अशाच एका गटात बावीस बायका आहेत, आणि हा प्रोग्रॅम त्यांच्यासाठी चालला आहे. त्यांच्यापैकी नऊ जणींकडे बटणांचा साधा फोन असल्यामुळे त्याने सुंदर रंगांचे ॲप तूर्त बाजूला ठेवले आहे, आणि रोज रात्री वरच्या खोलीत बसून तो नुसत्या एसएमएसवर चालेल अशी भिशी लिहीत असतो.