आधी तिरकिट, मग अलाम्ब्रा

माझ्या उजव्या हाताची नखं वाढलेली असतात आणि डाव्या हाताची पार मुळापर्यंत कापलेली, त्यामुळे बँकेतल्या कॅशियरपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना काहीतरी विचारायचं असतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, एका हाताची कापायची राहिली का?" मी सांगितलं, गिटारसाठी ठेवावी लागतात. त्या "बरं" म्हणाल्या आणि परातीकडे बघितलं. तेव्हापासून कणीक मी डाव्या हाताने मळते, आणि चांगली मळते.

क्लासिकल गिटार शिकवते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे राग वाजवता का? किंवा, म्हणजे जुनी गाणी? दोन्ही नाही हो. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) नसतं, बोटांनी आणि नखांनी वाजवायचं, खालच्या तीन तारा नायलॉनच्या, वरच्या तीन नायलॉनच्या धाग्यांवर बारीक धातूची तार गुंडाळलेल्या, डाव्या पायाखाली छोटा पाट, समोर नोटेशन, आणि चाल, बेस आणि मधली भर हे तिन्ही एकट्यानेच सांभाळायचं. जिच्यावर बोटं दाबायची ती गळपट्टीसुद्धा रुंद, नटपाशी म्हणजे वरच्या टोकाला साधारण ५२ मिलीमीटर, नेहमीच्या स्टीलच्या तारांची गिटार ४३च्या आसपास असते, त्यामुळे कॉलेजमध्ये चार कॉर्डवर सगळी गाणी मारलेली मुलं येतात आणि पहिल्या दिवशी त्यांचा हातच पुरत नाही.

मीही तशीच गेले होते. पुण्यात कॅम्पात एक म्हातारे गोवेकर सर शिकवायचे, रस्त्यावर खिडकी उघडणारी एक खोली आणि खाली रिक्षांचा गोंधळ. मी ऐटीत एक अख्खं गाणं वाजवून दाखवलं. सर म्हणाले, "छान वाजवलंस बाय. आता थांबव बघू." मी हात काढला आणि सगळ्यात जाड, ईची मोकळी तार आपली घुमतच राहिली, मला ती थांबवताच येईना, म्हणजे थांबवायची असते हेच माहीत नव्हतं. मग त्यांनी अंगठ्याची कड हळूच तारेवर टेकवली आणि खोली एकदम गप्प झाली. तो माझा पहिला धडा.

आता मी तोच धडा उलट्या बाजूने देते. पहिल्या दिवशी कॉर्ड नाही, गाणं नाही, एक मोकळी तार वाजवायची आणि सूर पूर्ण संपेपर्यंत ऐकायचं, संपला की हात वर करायचा. मुलं पाच सेकंदात हात वर करतात. मी म्हणते, अजून आहे, ऐक. व्हायोलिनवाला गज ओढून सूर धरून ठेवतो, बासरीवाला फुंकरीवर धरतो, आपल्याकडे मात्र तार सोडली की सूर विरायलाच लागतो, आणि पुढचं सगळं शिक्षण म्हणजे तो विरत असताना काय करायचं याचंच आहे. बोट कधी उचलायचं, पुढचा सूर किती हलका टाकायचा म्हणजे आधीच्याला जोडून येईल, कुठली तार बंद करायची. डावा हात अवघड दिसतो म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात, पण खरी भानगड इथे असते.

सरांची एक गोष्ट मात्र मी सोडून दिली. त्यांनी जवळजवळ वर्षभर माझ्याकडून जुलियानी या जुन्या इटालियन गिटारवादकाचे उजव्या हाताचे व्यायाम करून घेतले, एकशेवीस प्रकार आणि सगळेच्या सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर. हात तयार झाला, नाही म्हणत नाही, पण मी दोनदा क्लास सोडायच्या बेतात होते. मी दहा-बारा देते आणि सोबत लगेच सोर या जुन्या स्पॅनिश गिटारवादकाच्या ओपस ६० या संग्रहातला पहिला पीस, एका वेळी एकच सूर, सी मेजर, दिसायला अगदी बालवाडीतला, पण त्यात सूर एकमेकांना जोडून येणं म्हणजे मोठ्यांचीही परीक्षा.

आणि मग येतो अलाम्ब्रा. तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाचं ते 'रेकुएर्दोस दे ला अलाम्ब्रा', म्हणजे अलाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणी, यूट्यूबवर ऐकून दर वर्षी दोघं-तिघं तरी येतात, हेच शिकवा म्हणून. त्यातला ट्रेमोलो म्हणजे अंगठ्याने बेस आणि मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ, इतकं भरभर की सूर अखंड वाटावा. सगळे वेगानेच सुरुवात करतात आणि घोडा लंगडतो. एक मुलगा होता, इंजिनिअरिंगचा, दोन महिने लंगडतच होता, मी मेट्रोनोम लावून, ओरडून, गोड बोलून सगळं करून बघितलं. एकदा बोलता बोलता कळलं की हा सहा वर्षं तबला शिकलाय. म्हटलं, तिरकिट कसं बसवलं रे? तो म्हणाला, गुरुजी एवढं हळू करून घ्यायचे की झोप यायची, आणि चारही अक्षरं वेगळी ऐकू आली नाहीत तर परत. म्हटलं मग अंगठा ति, अनामिका र, मधलं कि, तर्जनी ट, तोंडाने म्हण आणि वाजव. तो माझ्याकडे बघतच राहिला. महिन्याभरात लंगडणं गेलं. तेव्हापासून सगळ्यांनाच तिरकिट म्हणायला लावते, तबला येवो न येवो, इतकी वर्षं ही गोष्ट घरातच पडलेली आणि मी बोटांच्या स्पॅनिश नावांची पहिली अक्षरं घोकून घेत होते, पी ए एम आय!

पालकांचा प्रश्न वेगळा असतो, परीक्षा कधी आणि गॅदरिंगला गाणं कधी. परीक्षेला मी बसवते, पण वर्षभर तेच तीन पीस घासून मेरिट आणलेली मुलं मी पाहिलीयेत, त्यांच्यापुढे नवं पान ठेवलं तर दोन ओळी धड वाचता येत नाहीत. म्हणून दर आठवड्याला एक नवं सोपं पान, वाजवलं की पुढे जायचं, बसवायचं नाही. यावरून दोन पालकांनी क्लास सोडवला. असो.

माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी म्हणजे एक काका, वय ६४, पोस्टातून रिटायर. बोटं कडक झालीयेत, वेग कधीच येणार नाही हे त्यांनाही माहितीये आणि मलाही. पण जन्मभर सवाई गंधर्वला जाऊन बसलेला कान आहे, सूर संपेपर्यंत हा माणूस थांबतो, मला सांगावं लागत नाही. परवा म्हणाले, "मॅडम, हा शेवटचा सूर पावसाळ्यात लवकर मरतो हो." खरंच आहे, जुलैत हवेतला ओलावा खाऊन लाकूड फुगतं, आवाज दबतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायला सांगितलं, आणि मनात म्हटलं, हे मला कळायला दहा वर्षं लागली होती.

आता नखांचं राहिलं. काल डबा उघडताना मधल्या बोटाचं तुटलं, शनिवारी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात मलाही वाजवायचंय. अशा वेळी टेबल टेनिसचा बॉल कापून त्याचा तुकडा नखाखाली फेविक्विकने चिकटवतात, हसू नका, मोठमोठे वादक करतात. नाहीतर मग सोरची आठवण काढायची, तो नखांशिवाय वाजवायचा, त्याचा मित्र आग्वादो नखांनी, पॅरिसमध्ये दोघं एकत्र वाजवायचे आणि सोरने दोघांसाठी एक डुएट लिहिलं त्याचं नावच 'दोन मित्र'. तारेगानेही शेवटच्या काळात नखं काढून टाकली होती. पण त्यांना सवय होती, मला चार दिवसांत कुठली व्हायला. बॉल आणलाय. शनिवारपर्यंत पोळ्या नवरा करणार आहे, सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये.