दूध संस्थेचा डेटाबेस दोनदा बांधताना

गावच्या दूध संस्थेचं संकलन वहीवरून संगणकावर आणायचं काम घेतलं आणि पहिल्याच रात्री मी डेटाबेसची चार टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, काढून मोकळा झालो: उत्पादक, संकलन, दरपत्रक, कपात. आमचं गाव कागल तालुक्यातलं. लहानपणी किटली घेऊन मीच डेअरीच्या रांगेत उभा राहायचो, त्यामुळे विषय आपल्याला माहीत आहे असंच धरून चाललो होतो. पुढच्या सहा महिन्यांत ती चारही टेबलं उसवावी लागली.

सुरुवात दरापासून झाली. गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठरतो. ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ हा पाया धरायचा आणि पॉइंटमागे पैसे वाढवायचे किंवा कमी करायचे. मी दरपत्रकात फॅट-एसएनएफच्या प्रत्येक जोडीला एक दर ठेवला होता आणि संकलनाच्या ओळीत फक्त लिटर, फॅट, एसएनएफ. जे दुसऱ्या टेबलातून काढता येतं ते पुन्हा साठवायचं नाही, हे कॉलेजात नॉर्मलायझेशन शिकताना डोक्यात पक्कं बसलेलं. दर बदलला की दरपत्रकातला आकडा बदलायचा, झालं.

मग ११ ते २० तारखेच्या बिलाच्या मधेच, १६ तारखेला दर कमी झाला. मी आकडे बदलले आणि ११ ते १५ च्या दुधालाही नवाच दर लागला. बिलवाटपाच्या दिवशी एका मावशींनी रुमालाची गाठ सोडून सगळ्या पावत्या टेबलावर एकेक करून मांडल्या. "पावतीवर येगळं, बिलात येगळं. खरं कुठलं धरायचं?"

खरी पावतीच होती. त्या दिवशी त्या दुधाला लागलेला दर ही घडून गेलेली गोष्ट आहे. आजच्या दरपत्रकातून ती परत काढता येत नाही, म्हणून ती साठवणं म्हणजे पुनरुक्ती नव्हे. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, त्या पावत्यांसमोर बसून कळलं. मी दरपत्रकाला लागू झाल्याची आणि संपल्याची वेळ दिली, तीही सत्रासकट, कारण दर कधी सकाळपासून बदलतो, कधी संध्याकाळपासून. दोन दरपत्रकांच्या मुदती एकमेकींवर चढू नयेत म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसचं एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे अशी ओळ आत घेऊच न देणारं बंधन, लावलं. आणि संकलनाच्या प्रत्येक ओळीत लागलेला दर, रक्कम आणि कोणत्या दरपत्रकातून तो आला हे कायमचं लिहून ठेवलं.

रकमेचा कॉलम मी फ्लोट, म्हणजे दशांश अंदाजे साठवणारा, ठेवला होता, तोही तेव्हाच काढला. ६.३ लिटर गुणिले ४२.३५ म्हणजे २६६.८०५. फ्लोटमध्ये असे दशांश नेमके बसत नाहीत, मग काठावरचा अर्धा पैसा कधी वर जातो, कधी खाली. दशांश नेमके ठेवणारा न्यूमेरिक प्रकार केल्यावर हा प्रश्न सुटला, पण पैसे कुठे पूर्णांकात आणायचे, पावतीवर की बिलावर? हे मी ठरवायचंच नव्हतं. सचिव अण्णांना विचारलं. ते म्हणाले, पावतीवर. बिल म्हणजे पावत्यांची बेरीज, माणूस घरी बोटांवर मोजून बघतो.

दुसरी चूक मात्र मी फार विचार करून केली होती. नोंदी दोनदा पडत होत्या, म्हणून उत्पादक, तारीख, सत्र आणि दुधाचा प्रकार मिळून युनिक, म्हणजे अशी नोंद एकदाच, असा नियम टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन. एका घरातून गाईच्या दुधाच्या दोन किटल्या आलेल्या, फॅट वेगवेगळी, आणि मशीन दुसरी घेईना. मागे रांग थांबलेली, दूध तापायला लागलेलं. तो नियम मी तिथल्या तिथे फोनवरूनच काढला. नंतर शोधलं तेव्हा मूळ कारण दिसलं: नेट गेलं की संकलनाचं ॲप तीच नोंद पुन्हा पाठवायचं. मग प्रत्येक मापाला ॲपमध्येच यूयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा ओळखक्रमांक, दिला आणि युनिक तो केला. किटल्या दोन येवोत की चार, तेच माप दुसऱ्यांदा पडत नाही.

सगळ्यात खोल गेलेली चूक उत्पादक क्रमांकाची. गावात एकाच नावाचे तिघे, म्हणून नाव सोडून क्रमांक प्रायमरी की, म्हणजे ओळीची मुख्य ओळख, केला. (नावांचा आणखी एक ताप: 'ऱ्या' हा ऱ घेऊनही टाइप होतो आणि र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असाही. दिसायला सारखं, शोधायला गेलं तर सापडत नाही. युनिकोडची एनएफसी ही अक्षरं एका रूपात आणायची पद्धत हे दोन एक करत नाही, त्यासाठी वेगळा बदल लिहावा लागला.) एके दिवशी ११८ नंबरचे आजोबा वारले. मुलाने तोच नंबर पुढे चालवला आणि मी नाव बदलून दिलं. अण्णांनी जुनी बिलं उघडली तर मार्चमधलं आजोबांचं दूधसुद्धा मुलाच्या नावावर.

"बाळा, नंबर खात्याला असतोय. माणूस बदलतोय, खातं तसंच चालतंय," असं म्हणून अण्णांनी त्यांची वही पुढे केली. ११८ च्या पानावर आजोबांच्या नावाखाली आडवी रेघ, शेजारी तारीख, त्याखाली मुलाचं नाव. मला हवा असलेला सगळा तक्ता त्या एका पानावर होता. खातं वेगळं, व्यक्ती वेगळी, आणि मधे कोण कधीपासून कधीपर्यंत याचं टेबल. पैसे कोणाच्या बँक खात्यात जातात तेही तिथेच आलं, कारण बऱ्याच घरांत दूध एकाच्या नावावर आणि बँक खातं दुसऱ्याच्या. रेघ मारून खाली लिहायची पद्धतही मी तिथूनच घेतली. चुकलेली फॅट आता पुसून दुरुस्त होत नाही. उलटी नोंद पडते आणि खाली बरोबर नोंद येते.

दिवाळीआधी दर फरकाचं, म्हणजे आधी दिलेल्या दुधावर नंतर मिळणाऱ्या जादा पैशांचं, बिल आलं. वर्षभराच्या लिटरवर फरक निघतो, म्हणजे मागची प्रत्येक सकाळ आणि संध्याकाळ जागेवर लागते. ११८ च्या खात्याचे दोन भाग पडले. आजोबांच्या तारखेपर्यंतचा फरक वेगळा निघाला आणि वारस म्हणून आजींच्या बँक खात्यात गेला, पुढचा मुलाला. अण्णा वही घेऊन स्क्रीनशेजारी बसले आणि शंभरएक खाती त्यांनी बोट ठेवून पडताळली. संध्याकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत पैशापर्यंत जमलं.