चोवीस नंबरवाला आजोबा

काल (१८ जून २०२४) अमेरिकेचे बेसबॉलपटू विली मेज गेले, ९३ वर्षांचे होते. आज ऑफिसमधून सुटल्यावर कॅलट्रेन पकडायच्या आधी ओरॅकल पार्कला (सॅन फ्रान्सिस्कोचं बेसबॉल स्टेडियम) डोकावलो, म्हटलं पाच मिनिटं, गेला पाऊण तास. मेज यांच्या पुतळ्याच्या पायाशी फुलं, टोप्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, आजूबाजूला ती २४ ताडाची झाडं (त्यांचा जर्सी नंबर २४, म्हणून).

मला बेसबॉल अजून धड कळत नाही हो, ६६० होम रन म्हणजे भारी एवढंच कळतं. पण शेजारी एक म्हातारे गृहस्थ नातवाला १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमधला मेज यांचा तो कॅच करून दाखवत होते, मैदानाकडे पाठ करून पळत जाऊन खांद्यावरून येणारा बॉल कसा घेतला ते, आणि गुडघे दुखत असणार तरी दोनदा दाखवलं!! मला आपला ८३ चा कपिलचा कॅच आठवला, रिचर्ड्सचा. बाबा पण अस्साच करून दाखवायचे, हॉलमध्ये, सोफ्याला अडखळून.

त्या आजोबांना मोबाईलवर कपिलचा व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यांनी आणि म्हणाले, ग्लोव्ह कुठंय याचा?