काट्यावरचा आकडा : आमची वाटचाल

बी.कॉम. झाल्यावर १९९४ साली मी सावंतवाडीहून मुंबईला गेले आणि मशीद बंदरच्या एका मसाल्याच्या पेढीत हिशेब लिहायला लागले. पेढीत एक कॉम्प्युटर होता. तो चालवणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि शेठनी मला विचारलं, "तू शिकशील का?" संध्याकाळी दादरला क्लास लावला. आधी डीबेस थ्री प्लस, मग फॉक्सप्रो २.६, दोन्ही नोंदी साठवायची आणि त्यावरचे प्रोग्रॅम लिहायची साधनं. बरोबरीच्या मुलांना तो प्रोग्रॅमिंगचा विषय वाटायचा, मला मात्र पहिल्या दिवसापासून हिशेबाचाच वाटला. टेबल म्हणजे किर्द, इंडेक्स म्हणजे खतावणीची पानं. डिलीट केलेली नोंद पॅक करेपर्यंत, म्हणजे कायमची काढून टाकेपर्यंत, जागेवरच असते, ती परत आणता येते, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमच्या बाबांच्या दुकानातही चुकलेल्या रकमेवर आडवी रेघ मारायचे, पान फाडायचे नाहीत.

जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. पुढच्या वर्षी सासरे आजारी पडले म्हणून आम्ही कुडाळला आलो आणि मी बाजारपेठेत एका गाळ्याच्या अर्ध्या भागात हिशेबाचे प्रोग्रॅम करून द्यायला टेबल मांडलं. पहिलं काम मिळालं ते एका पतसंस्थेचं, आणि तेही वाय-टू-केमुळे, म्हणजे २००० साल आल्यावर कॉम्प्युटरच्या तारखांत होणाऱ्या घोळामुळे. मुदत ठेवीची तारीख टाकताना वर्षाचे दोनच आकडे घ्यायची सवय होती. '०१' टाकलं की प्रोग्रॅम ते १९०१ समजायचा आणि ठेव भरायच्या आधीच तिची मुदत संपलेली दिसायची. खरं तर फॉक्सप्रो नोंदी ज्यात ठेवतो त्या डीबीएफ फाइलमध्ये तारीख पूर्ण चार आकडी वर्षासकट साठवली जाते, अडचण फक्त स्क्रीनवर घेण्याची होती. चार आकडी वर्ष घ्यायला लावणारी सेट सेंच्युरी ऑन ही एक ओळ, सगळ्या स्क्रीनची रुंदी वाढवणं आणि जुन्या ठेवी एकेक करून पावतीशी ताडून पाहणं, एवढंच काम. ताडून पाहण्यातच तीन आठवडे गेले. पण मार्चअखेरीला तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, पैशाला पैसा जुळली, आणि त्या मॅनेजरसाहेबांनी आणखी चार ठिकाणी आमचं नाव सांगितलं.

सभासदांची नावं हा आमच्याकडचा वेगळाच विषय. एका गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन परब निघतात. वाडी लिहिली तरी दोघे एकाच वाडीतले असतात. म्हणून नाव कधीही ओळख म्हणून वापरायचं नाही, सभासद क्रमांकच धरायचा, हे आम्ही पुस्तकातून नाही, एकाची थकबाकी दुसऱ्याच्या दारात गेली तेव्हा शिकलो. डॉसवर देवनागरीसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, पुढे विंडोजवर निरनिराळे फॉन्ट आले. त्या फॉन्टांत अक्षरं जशी दिसतात तशी साठवलेली असायची : 'दिनेश'मधली वेलांटी आधी आणि द नंतर, 'सुर्वे'मधला रफार 'व'च्या नंतर. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीला हे उलट, उच्चाराच्या क्रमाने लागतं. आम्ही नावं बदलून घेतली तेव्हा हजारो नावं हाताने तपासली. माणसाचं नाव चुकीचं छापलेलं पासबुक त्याच्या हातात द्यायला मला आजही जमत नाही.

पण मला सविस्तर सांगायचं आहे ते काजूबद्दल.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्याचं काम आम्ही २००१ पासून करत होतो. बी उकडायची, फोडायची, गर बोरम्यात, म्हणजे वाळवायच्या भट्टीत, वाळवायचा, मग बायका तो सोलतात. शेवटी प्रतवारी. २४० नंबर, ३२० नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर. सोलणाऱ्या बायकांची मजुरी किलोवर, अख्ख्याचा दर वेगळा, तुकड्याचा वेगळा. सुरुवातीला तिथे वजनांचा काटा होता आणि सगळ्यात लहान वजन शंभर ग्रॅमचं वापरत. म्हणून मी वजन दशांशाच्या एकाच आकड्यापर्यंत ठेवलं आणि पुढे काही आलंच तर ते कापून टाकणारी एक ओळ लिहिली. तेव्हा त्या ओळीने कुणाचं काहीच जात नव्हतं.

काही वर्षांनी इलेक्ट्रॉनिक काटा आला. तो दहा ग्रॅमपर्यंत दाखवायचा. मुनीम १२.४८० टाइप करायचा, आणि माझी ओळ त्याचं १२.४ करायची. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आठ महिने असे गेले. मग एकदा मी कारखान्यात प्रिंटर बघत होते, तेव्हा एक वयस्कर बाई जवळ आली आणि म्हणाली, "बाय, काट्यार चारशे ऐंशी दिसतत, पगारात चारशेच कशे येतत?" तिच्याकडे नातवाची जुनी वही होती. रोजचं वजन तिने त्यात लिहून ठेवलं होतं.

एका वजनामागे सरासरी पंचेचाळीस ग्रॅम जात होते. अख्खा आणि तुकडा अशी दिवसाची दोन वजनं. महिन्याला एका बाईचे सव्वादोन किलो. प्रोग्रॅममध्ये खरा आकडा कुठेच राहिला नव्हता, कारण साठवण्याआधीच मी तो कापला होता. नशिबाने वजनाच्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवलेल्या होत्या. मी आणि माझी तेव्हाची एकुलती सहकारी, दोघींनी पंधरा रात्री बसून त्या सगळ्या पुन्हा भरल्या. मालकांनी काढलेला फरक दिला, आम्ही त्या वर्षीचं मेंटेनन्स घेतलं नाही.

त्यानंतर आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमचा पाया बदलला. जे मोजलं, ते जसंच्या तसं एका टेबलात. दर दुसऱ्या टेबलात, कधीपासून कधीपर्यंत लागू ते तारखेसकट. मजुरी, कपात, पूर्णांकन हे सगळं त्यावरून काढायचं, आणि नियम बदलला तर पुन्हा काढता यायला हवं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हेच कामी आलं. शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजू बीवरचा कर रिव्हर्स चार्जने कारखानदाराने भरायचा, तोही रोखीने, आणि बिल स्वतःच तयार करायचं. शेतकरी तर चिठ्ठीवर सही करून जातो. आमच्या टेबलात प्रत्येक गोणीचं मूळ वजन आणि त्या दिवशीचा दर होता, त्यामुळे बिलं त्यातूनच निघाली.

त्याआधी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं होतं, आणि २०१५ च्या जानेवारीत त्याचा सपोर्टही संपला. मी पन्नाशीच्या जवळ येत होते आणि एसक्यूएल सर्व्हर हा नवा डेटाबेस आणि सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकले. जमलं. ट्रान्झॅक्शन ही गोष्ट तर मला आधीच हवी होती : पावसात लाइट गेली की फॉक्सप्रोचा इंडेक्स बिघडायचा, रीइंडेक्स करायला रात्री गाडी काढून जावं लागायचं. आता नोंद पूर्ण होते किंवा होतच नाही. सगळं क्लाउडवर न्या, असं पुष्कळजण सुचवतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात इथे वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं, आणि तारा जोडल्या जाईपर्यंत माल थांबत नाही. आमचा सर्व्हर कारखान्यातच असतो, नोंदींची प्रत रोज बाहेर जाते.

आज आम्ही सहाजण आहोत, चौघी जिल्ह्यातल्याच मुली. नवीन आलेल्या मुलीला पहिले आठ दिवस कॉम्प्युटर देत नाही. ती मुनिमाशेजारी बसून हाताने नोंदी लिहिते.

गेल्या हंगामात त्या कारखान्यात नवी आवृत्ती बसवली. काटा थेट सर्व्हरला जोडला आहे, आणि दुसरा पडदा सोलणाऱ्या बाईकडे तोंड करून लावला आहे. तिचं नाव, अख्खा, तुकडा, ग्रॅमसकट. तिने हिरवं बटण दाबल्याशिवाय वजन साठत नाही. वही ठेवणाऱ्या त्या बाई आता येत नाहीत, त्यांची सून येते. पहिल्या दिवशी ती पडद्यासमोर थोडा वेळ थांबली, ओठ हलवत आकडा वाचला आणि मग बटण दाबलं.