बिग रेडची वाळू बरी, वाटेतले दगड वाईट

ऑस्ट्रेलियात बर्ड्सव्हिल गावाजवळची बिग रेड ही वाळूची टेकडी गाडीने चढायला निघण्याआधी ज्याला विचारावं तो वाळूवर प्रवचन द्यायचा. हवा किती उतरवायची, गिअर कुठला, टेकाडावर रुतलो तर काय. दगडांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि आमचा टायर खाल्ला तो दगडांनीच.

अॅडलेडहून मारी गावापर्यंत काही सांगण्यासारखं नाही. मारी ते बर्ड्सव्हिल हा ५१७ किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यातला मंगरॅनीपर्यंतचा टप्पा आरामात जातो. तिथे डिझेलचा भाव बघून पोटात गोळा येतो, पण गुपचूप टाकी भरा. पुढचे सुमारे ३०० किलोमीटर पंप नाही.

खरी परीक्षा तिथून सुरू होते. हा भाग स्टर्टच्या दगडी वाळवंटाला लागून जातो. जमिनीवर लालसर दगडांचा खच, त्यांना इथे गिबर म्हणतात. पाण्या-वाऱ्याने गुळगुळीत झालेले दिसायला छानच, पण रस्त्यावर फुटलेल्या गिबरला अडकित्त्याची धार असते. चार्ल्स स्टर्ट १८४५ मध्ये इथून गेला तेव्हा घोडे लंगडायला लागले होते. आपल्याकडे तर रबरच. आमचा मागचा टायर बाजूने फाटला. तिथे पॅच बसत नाही. स्टेपनी चढवली आणि पुढे बर्ड्सव्हिल येईपर्यंत गाडीत कोणी धड बोललं नाही, कारण दुसरी स्टेपनी नव्हती. भाड्याच्या गाडीबरोबर एकच देतात. भांडून दुसरी घ्या, नाही दिली तर गाडी दुसरीकडून घ्या. आमच्या करारात वाळूला परवानगी होती, पण टायर, काच आणि गाडीचा तळ विम्याबाहेर. एका टायरचे जे पैसे कापले त्यात पुण्यात दोन तरी आले असते.

या पट्ट्यात टायरची हवा तीस पीएसआयच्या आतबाहेर ठेवा आणि वेग ८० च्या खाली. समोरून ट्रक आला की बाजूला घेऊन सरळ थांबा, उगाच शर्यत नको.

आता बिग रेड. बर्ड्सव्हिलच्या पश्चिमेला ३५ किलोमीटरवर, उंची सुमारे ४० मीटर. सिम्पसन वाळवंटात अशा समांतर टेकड्या हजाराच्या वर आहेत आणि बर्ड्सव्हिलकडून जाताना लागणारी ही पहिलीच मोठी. गावाकडून आपण तिच्या पूर्व अंगाला पोचतो आणि नेमकं तेच अंग जास्त उभं आहे. तरी एवढी भीती घालण्यासारखं काही नाही. हवा १६ ते १८ वर आणा, फोर-व्हील ड्राइव्हची लो रेंज (जास्त ताकदीचे, कमी वेगाचे गिअर) लावा, खालूनच जोर धरा आणि मध्ये थांबू नका. थांबलातच तर वळवायच्या फंदात न पडता सरळ रिव्हर्समध्ये खाली या. उतारावर आडवी झालेली गाडी उलटते. सकाळी वाळू त्यातल्या त्यात घट्ट असते. उंच झेंडा लावा, नाहीतर पलीकडून चढणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही, आणि रेडिओ चॅनेल १० वर ठेवा. साधी एसयूव्ही असेल तर खाली लावून पायी चढा, काहीही बिघडत नाही. माथ्यावर पोचल्यावर आमच्यातला सगळ्यात कावलेला माणूस लहान पोरासारखा ओरडत उताराने घसरत गेला, यापेक्षा जास्त वर्णन मला जमणार नाही. फोटोत तो लाल रंग येत नाही.

पलीकडे अख्खं सिम्पसन ओलांडायचा मोह होतो. एकट्या गाडीने अजिबात नको. तिथली राखीव उद्यानं १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असतात आणि ते योग्यच आहे. बर्ड्सव्हिलला १९७२ च्या डिसेंबरात ४९.५ अंश नोंदले गेलेत. जून ते ऑगस्ट जा. रात्री चांगलीच थंडी पडते, दिवसा माश्या तोंडात शिरतात, तोंडावर घ्यायची जाळी आधीच घेऊन ठेवा. पाऊस झाला की रस्ता बंद करतात. फलक 'बंद' म्हणत असेल तर चिखलात चाकं घालू नका, दंड जबर आहे. गाडीत दोन दिवसांचं जादा पाणी आणि खाणं ठेवलं असेल तर मुकाट बसून राहा.